शनवाऱ्याचा अर्धा बैल

सोजरबाईला देवानं दोन हात दिले तिथंच चुकलं, असं शनवारा गल्लीतली माणसं म्हणायची. एकच द्यायचा होता, म्हणजे जगातल्या निम्म्या वस्तू तरी जशाच्या तशा राहिल्या असत्या. या बाईला कुठलीही वस्तू आहे तशी बघवतच नसे. दूध उतू जातं म्हणून तिनं पातेल्याच्या झाकणाला घुंगरू बांधलं होतं. दूध वर आलं की झाकण हलायचं नि घुंगरू वाजायचं. शेजारच्या मांजराला ते बाईच्या आधी ऐकू यायचं, ही गोष्ट वेगळी. नवऱ्याच्या धोतराला तिनं खिसा शिवला. धोतराला, बरं का! शालिग्राम सुतार म्हणजे गरीब गाय. तो त्या खिशात पेन्सिल नि तंबाखूची चंची ठेवून गावभर हिंडला. लोक पोट धरधरून हसले, आणि पुढच्या पंधरवड्यात दोघातिघांनी आपापल्या बायकांना हळूच तसाच खिसा शिवायला सांगितला.

बाई खकनारकडची, सुताराचीच लेक. बाप रंधा मारायला बसला की ही समोर बसून अक्कल शिकवायची. बाप कातावून म्हणायचा, "सासरी गेली की ही पोरगी चूल छताले टांगंल!" चूल काही तिनं टांगली नाही. पण पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून, भाकरी थापता थापता पोरं वाढवली. थोरला यादव नेपानगरला कागदाच्या कारखान्यात लागला, पोरी दिल्या घरी गेल्या, आणि घरात सुधारायला एकटा नवरा उरला. तो सुधारून झाल्यावर बाईनं गल्लीतली पोरं धरली.

त्याला निमित्तही झालं. नवं राज्य झालं त्या वर्षाची ही गोष्ट. नागपूर सुटलं नि भोपाळ आलं. कालपर्यंत लोक अर्ज नागपूरला धाडायचे, आता म्हणे भोपाळला धाडा. बऱ्याच जणांचे अर्ज तर अजून कुठल्यातरी स्टेशनावर गाडी बदलत असतील. त्या सगळ्या घाईगर्दीत एक चांगली गोष्ट झाली ती ही, की शनवाऱ्यात मारुतीच्या पाराशेजारच्या ओट्यावर बालवाडी निघाली आणि सोजरबाई तिची बाई झाली. पोरं कुणाची? पहाटे केळीच्या बागेत घड कापायला जाणाऱ्यांची, दिवसभर मागावर बसणाऱ्यांची, डोक्यावर पाटी घेऊन हिंडणाऱ्यांची. कुणाच्या अंगात सदरा नाही, कुणाचं नाक धड नाही, आणि कुणी तर जन्मतःच काहीतरी कमी घेऊन आलेलं.

बाईला आणखी काय पाहिजे! एका पोराचा हात थरथरायचा, त्याच्या ताटातलं वरण रोज मांडीवर. बाईनं शालिग्रामकडून लाकडाची बसकी वाटी करून घेतली, बुडाला जड, कशीही ढकला, पालथी होणार नाही. एकीची बोटंच जुळलेली, तिच्यासाठी पळीची दांडी वाकवून मनगटाला अडकेल अशी केली. शालिग्राम कधी म्हणायचा, "एवढी चांगली वाटी केली, नि कार्टं फेकते पाहा!" की बाई उसळायची.

"पोरानं फेकली तं वाटी नापास, यादवचे बाबा. पोरगं नाही नापास. दुसरी करा."

हा तिचा कायदा होता. शालिग्रामनं या कायद्यापायी किती लाकूड फुकट घालवलं त्याची गणती नाही. पण फेकलेल्या वस्तूंनी त्यांची चूल छान पेटायची, तेवढं मात्र खरं.

आता शोभाकडं येऊ.

शोभा भागाबाईची पोरगी. बाप नाही, आई केळीच्या मळ्यात मजुरीला. पोरगी दोन वर्षांची असताना ताप आला नि पायांवरून वारं गेलं. उजवा पाय अगदीच लुळा, डावा कसाबसा उभा राहणारा. बाकी पोरगी म्हणजे मिरची! ओट्यावर एका जागी बसून ती अख्ख्या बालवाडीवर राज्य करायची. कुणी कुणाची पाटी घेतली, कोण खोटं रडतं, सगळा न्याय शोभाच्या दरबारात. सहावं सरलं, बालवाडी संपली, बरोबरीची पोरं गल्लीच्या टोकाच्या शाळेत गेली आणि शोभाचा दरबार उठला.

शाळेचे अरविंद मास्तर मनाचे वाईट नव्हते. "मुलगी हुशार आहे, मी नाव घालतो," ते म्हणाले, "पण तिला रोज आणणार कोण नि नेणार कोण? आई पहाटेच जाते. तिला आपली आपण येता आलं पाहिजे."

भागाबाईनं देडतलाईला भावाला सांगावा धाडला. भाऊ उखर्डू, मोठ्या मनाचा माणूस. त्यानं उलट निरोप दिला की भाचीला मी नेतो. पोरगी एका जागी बसते ना, मग आमच्या ज्वारीच्या मळ्यात बसून पाखरं हाकील, पोटभर खाईल, सुखात राहील. पोळ्याच्या आत येतो.

हे ऐकलं नि सोजरबाई ताडकन उठली. शोभा नि पाखरं हाकणार? अख्खी बालवाडी चालवणारी पोरगी जन्मभर मचाणावर बसून 'हा हा' करणार? तिनं शालिग्रामच्या हातातला लाकूड तासायचा वाकस हिसकावला.

"आजपासून गाडीची चाकं बंद. आपल्याले शोभीचे पाय करायचे हायेत."

"अन् पाटलाची गाडी?"

"पाटलाले दोन पाय हायेत. चालतीन."

पहिला उपाय सोपा होता, आणि फसला तो त्याच पायी. शालिग्रामनं मोठा पांगुळगाडा केला. तान्ही पोरं धरून चालायला शिकतात तोच, तीन चाकांचा, फक्त सहा वर्षांच्या पोरीच्या मापाचा. काम चोख! शोभाला त्यात उभं केलं तर ती चार पावलं खरोखर चालली. भागाबाईनं तोंडाला पदर लावला. बाईनं शालिग्रामच्या पाठीत असा धपाटा मारला की त्याची टोपी पडली. आणि इतक्यात ओट्यावरचं कुणीतरी ओरडलं, "शोभी बाळ झाली! शोभी दूध पेते!"

शोभानं पांगुळगाडा तिथंच सोडला, धपकन खाली बसली, आणि त्याला लाथ मारता येईना म्हणून दातांनी चावली.

"मी काय तान्हं बाळ हाये? मरंन पण ह्याले हात लावणार नाही!"

"अवं पण तू चालत होतीस ना माय!" भागाबाई म्हणाली.

"चालली तरी नाही!"

शालिग्राम हिरमुसला. एवढं गुळगुळीत काम केलेलं, पोरीच्या तळहाताला कुसळ लागू नये म्हणून काचेनं खरवडलेलं. पण सोजरबाई गाल हातावर टेकून पोरीकडं बघत बसली. तिच्या डोक्यात काहीतरी शिजत होतं. मग ती म्हणाली, "नापास. अन् बरोबर नापास. आपण पाय केले, पोरीचा तोरा केलाच नाही. सांग व शोभे, काय असतं तं तू चालली असती?"

शोभानं नाक पुसलं. समोरून कुणाची तरी बैलजोडी चालली होती, घुंगरमाळा वाजवत.

"बैल," ती म्हणाली.

झालं! त्या संध्याकाळपासून सुताराच्या घरी जेवण वेळेवर मिळेना. पांगुळगाड्याच्या पुढं लाकडाचं तोंड बसलं, वशिंड आलं, बाभळीची शिंगं आली. पुढं बैल नि मागं दोन लांब दांड्या, त्या धरून शोभा उभी. म्हणजे बैलाचे पुढचे पाय चाकांचे, मागचे पाय शोभाचे. शालिग्राम डोकं खाजवत म्हणाला, "हा तं अर्धाच बैल झाला." बाई म्हणाली, "अर्धा तुमचा, अर्धा पोरीचा. पुरा झाला ना!" शोभानं बैलाच्या कपाळावर हात ठेवून नाव ठेवलं, भुऱ्या.

पण पोरीच्या हाती देण्याआधी वस्तू आपण वापरून बघायची, हाही बाईचा कायदा. सोजरबाई म्हणजे अंगानं भरलेली, नऊवारीचा काष्टा कसलेली. तिनं गल्लीच्या उतारावर भुऱ्याच्या दांड्या धरल्या, वाकून भार टाकला, आणि भुऱ्या निघाला! निघाला तो निघालाच. चाकांना शालिग्रामनं प्रेमानं एवढं तेल पाजलं होतं की विचारू नका. "सरका! सरका रे! अगं माय व!" असं ओरडत बाई गल्लीभर धावली, कोंबड्या उडाल्या, खाटेवरचा म्हातारा खाटेसकट उभा राहिला, आणि उताराच्या टोकाशी रमेश हलवायाच्या दुकानात बैल शिंगं खुपसून थांबला. बाईचा एक हात कोपरापर्यंत खव्यात.

रमेश हलवाई तोंड उघडं टाकून बघत राहिला. बाईनं हात वर काढला, एक बोट चाटलं, नि म्हणाली, "खवा चांगला हाये. बैल नापास."

रमेशनं आधी कपाळावर हात मारून घेतला, मग तो जो हसत सुटला, तो जिलेबी करपेस्तोवर.

त्या नापास होण्यातून मात्र खरा शहाणपणा निघाला. शालिग्रामनं मागची चाकं काढून टाकली आणि त्या ठिकाणी नुसते खूर ठेवले, खुरांखाली सायकलच्या जुन्या टायरचे तुकडे ठोकले. दांड्या किंचित उचलून ढकलल्या की बैल चालायचा. भार टाकला की खूर जमिनीला चिकटायचे नि बैल जागच्या जागी. बैलाच्या छातीत फुटक्या दगडी पाट्याचा जड तुकडा बसवला, म्हणजे तो मागं उलटायचा नाही. शोभानं दिवसभर करून पाहिलं. पडली. रडली नाही, भुऱ्यालाच शिव्या घातल्या. पुन्हा उठली. संध्याकाळी ती ओट्यापासून पारापर्यंत गेली, आणि सोजरबाई पारावर मांडी घालून लहान मुलीसारखी टाळ्या पिटत बसली.

आता गल्लीला उत्साह आला, आणि गल्लीचा उत्साह म्हणजे पुराचं पाणी! कौतिक विणकरानं जाड विणीची लाल झूल आणली. रमेशनं दुकानातली पितळी घंटा काढून दिली. कुणी कवड्यांची माळ, कुणी मोरपिसांचा तुरा, कुणी घोड्याचा जुना पट्टा. सगळ्यांचं म्हणणं एकच, बैल कसा झोकात दिसला पाहिजे. भुऱ्या दिसला झोकात, अगदी नवरदेव. फक्त तो हलेना. शोभानं जोर लावला, पुन्हा लावला, आणि घाम पुसत म्हणाली, "बाई, हा तं माह्यापेक्षा पांगळा झाला!"

बाईनं पदर खोचला. "हे पाहा बापा हो, ज्यानं पोरगी पुढं जाते ते राहील. ज्यानं नुसतं आपलंच मन हरखते ते आपापल्या घरी न्या."

केवढे रुसवे! केवढे फुगवे! कौतिक तर झूल उचलून चालायलाच लागला. बाई त्याच्या मागं धावली. "अरे रुसतो काय बाईसारखा! पोरीचे तळहात सोलून निघाले. झूल दोन्ही दांड्यांले गुंडाळून दे घट्ट." कौतिकनं डोळे मिचकावले, जमिनीवर बसला, आणि दांड्यांना अशी मऊ लाल कापडी मूठ वळून दिली की रावाच्या तलवारीला नसेल. घंटाही राहिली; ती वाजली की रस्ता मोकळा होतो. मोरपिसांचा तुरा मात्र ज्याचा त्याच्या घरी गेला.

आणि अशा ऐन रंगात उखर्डू आला.

पोळा देडतलाईलाच करायचा म्हणून तो भाचीला न्यायला लवकर आला होता. पण देवाची करणी! वाटेतल्या नाल्यांना असा पूर आला की परतायची सोयच राहिली नाही. बिचाऱ्याला आपल्या बैलांचा पोळा बहिणीच्या दारी करणं भाग पडलं. तो चिडचिडून म्हणाला, "पोळा झाला की दुसऱ्या दिवशी सकाळीच निघतो. शोभीचं गाठोडं बांधून ठेव." भागाबाईनं गाठोडं बांधलं. भावाला नाही कसं म्हणायचं? पोरीला सकाळ-संध्याकाळ पोटभर मिळेल, हेही खरंच होतं.

"दादा, पोरगी चालते आता," ती हळूच म्हणाली.

"ओट्यापासून पारापर्यंत? अवं भागे, तेवढं तं आमची म्हातारी कोंबडी बी चालते. शाळा केवढी लांब! रस्त्यात पडली तं उचलाले कोण हाये?"

सोजरबाईनं हे ऐकलं. तिनं कमरेवर हात ठेवले. "उखर्डूभाऊ, पोळ्याच्या दिवशी सगळे बैल शनवाऱ्याच्या वेशीच्या दरवाज्यापाशी तोरणाखालून जातात. तेवढी वाट शाळेपेक्षा लांब हाये. शोभी भुऱ्याले घेऊन तोरणाखालून गेली, तं?"

"गेली तं गाठोडं माघारी," उखर्डू म्हणाला. "नाही गेली तं बोलायचं नाही."

"बोलणार नाही," बाई म्हणाली. न बोलण्याचं वचन सोजरबाईनं आयुष्यात पहिल्यांदाच दिलं होतं. शालिग्रामला तेव्हाच धास्ती वाटली.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे मळतात. वर्षभर जू ओढून ओढून जे खांदे सोलतात, त्यांना हळद नि तूप चोळायचं आणि बैलाच्या कानात सांगायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवाले या. उखर्डू आपल्या बैलांचे खांदे मळत होता. ते पाहून सोजरबाईच्या अंगात आलं. आपला भुऱ्या काय कमी आहे? तिनं वाटीत हळद-तूप कालवलं, भुऱ्याच्या लाकडी खांद्यांना चोळलं, आणि गल्लीला ऐकू जाईल असं त्याच्या कानात ओरडली, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या!" पोरं नाचली. शालिग्राम म्हणाला, "पुरे." पण पुरे हा शब्द बाईनं कधी ऐकला होता?

सकाळी भुऱ्याला ओवाळलं, शिंगांना बेगड लावली, पुरणपोळी भरवली. पोळी त्याच्या तोंडातून पोरांच्या तोंडात कशी गेली ते कुणी विचारू नये. दुपारी ताशे वाजायला लागले. गल्लीभर बैल, गोंडे, गुलाल, आणि मधोमध भुऱ्या, नि त्याच्या मागं धुतलेल्या परकरातली शोभा. कौतिकनं हात वर करून आरोळी ठोकली,

"चाकं आली गाडीची, शिंगं आली झाडाची,
सुताराच्या बैलाले भूक नाही काडीची!"

"हर हर महादेव!" गल्ली गरजली. शोभानं दांड्यांच्या लाल मुठी पकडल्या.

"थांब!"

मथुराबाई. गल्लीतली सगळ्यात वडील बाई. लग्न असो की मयत, तिचा शब्द झाल्याशिवाय शनवाऱ्यात पान हालत नसे. ती काठी टेकत पुढं आली.

"काल ह्याचे खांदे कोणी मळले?"

"मीच मळले, आत्या," सोजरबाई अभिमानानं म्हणाली.

"आवतण दिलं?"

"दिलं ना! समद्यांनी ऐकलं."

"मंग आज ह्याले जुंपता कशाले?" मथुराबाईनं काठी आपटली. "पोळ्याच्या दिवशी बैलाले काम नसते. खांद्यावर जू नाही, मागं गाडी नाही, अन् पोरीचा भार बी नाही. लाकडाचा असो का हाडामासाचा, तूच त्याले बैल केला ना व? मंग पाळ!"

ताशे थांबले. सोजरबाईनं आपले हात पाहिले. दुसऱ्या कुणाची चूक असती तर तिनं तिथल्या तिथं वाद घातला असता. पण हळद तिच्याच हातांना लागलेली होती, नखं अजून पिवळी होती. आणि खरं सांगायचं तर तिलाही ते पटत होतं. लहानपणापासून पोळ्याला तिनं कधी बैलाच्या खांद्यावर नुसती दोरी टाकू दिली नव्हती. भुऱ्याला नुसता लाकडाचाच राहू दिला असता तर पोरगी आज तोरणाखालून गेली असती. मीच शहाणी, मीच त्याला देव करून ठेवला, असं मनात येऊन तिला रडूच फुटलं, तिथं भर गल्लीत, भरल्या घोळक्यात. सोजरबाईला रडताना शनवाऱ्यानं त्याआधी पाहिलं नव्हतं.

उखर्डूनं हळू आवाजात म्हटलं, "जाऊ दे बाई. पोरीले मी जीव लावीन."

"आजी," शोभा म्हणाली.

सगळे वळले.

"आजी, ह्याले कुठं जुंपलं? ह्याच्या खांद्यावर काई नाही. पाहा ना." तिनं दांडी उचलली, ढकलली, भुऱ्या एक वीत पुढं गेला. "हा नाही मले ओढत. मी ह्याले ढकलते. समदं काम तं मीच करते! हा नुसता मिरवते."

मथुराबाई वाकली. तिनं बैलाच्या खांद्यावर हात फिरवला, खाली चाक नि खूर पाहिले, दांड्या पाहिल्या, पोरीचे दंड पाहिले. पोरीच्या दंडांवर या महिन्यात बेडक्या आल्या होत्या.

"म्हणजे काम करणारी तू?"

"हाव."

"मंग काल खांदे कोणाचे मळायचे होते?" मथुराबाई सोजरबाईवर डाफरली. "वाटी आण व येडे! लाकडाले तूप चोळत बसली!"

सोजरबाई पदरानं डोळे पुसत पळाली ती वाटी घेऊनच आली. मथुराबाईनं भर रस्त्यात शोभाचं परकर-पोलकं सावरलं आणि तिच्या दोन्ही खांद्यांना हळद-तूप चोळलं, चांगलं जिरेपर्यंत. मग तिच्या कानाशी वाकून म्हणाली, "आज आवतण घे. जेवाले माह्या घरी ये."

रमेश हलवायाला कुठं गप्प बसवतंय! "आत्या, मंग काम करणाराले आज सुट्टी! म्हणजे शोभीनं बी चालायचं नाही!"

"तू गप रे! मिरवाले सुट्टी नसते!" मथुराबाई गरजली, नि तिनंच काठी वर केली. "वाजवा!"

काय ताशे वाजले म्हणता! शोभा निघाली. उचल, ढकल, टेक. उचल, ढकल, टेक. भुऱ्याच्या गळ्यातली घंटा प्रत्येक पावलाला वाजायची, आणि पुढची गर्दी आपोआप दुभंगायची. उतारावर तिनं भार टाकला, खूर चिकटले, बैल थांबला. तिनं दम घेतला. रमेशनं दुकानाच्या दारातून खव्याची थाळी उचलून आत ठेवली, उगाच विषाची परीक्षा नको. एकदा ती कलंडली, गुडघा फुटला. भागाबाई धावली तसा बाईनं तिचा हात धरला. "थांब. तिचा बैल हाये, ती उठवील." आणि शोभा दांडी धरून उठलीच. शनवाऱ्याच्या दरवाज्यापाशी आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं. भुऱ्या शिंगं उंच करून त्याखालून गेला, मागून परकराची धूळ झटकत शोभा गेली, आणि भागाबाई एकाच वेळी रडायला नि हसायला लागली. सोजरबाईनं शालिग्रामला, सगळ्यांदेखत, मिठी मारली. तो बिचारा लाजून धोतराच्या खिशात तंबाखू शोधायला लागला.

उखर्डू बैलांना चारा घालायला गेला, आणि त्याची पाठ बराच वेळ वळलेलीच होती.

दुसऱ्या दिवशी नाले उतरले. सकाळी उखर्डूनं गाडी जुंपली. गाठोडं पोळ्याच्या आधीच गाडीत टाकलेलं, ते काढायचं कुणाला सुचलंच नाही. भागाबाईनं त्या दिवशी मळ्याला दांडी मारली होती. शोभा गळ्यात पाटीची पिशवी अडकवून घराबाहेर पडली, नि गल्लीत मधोमध चालायला लागली; आई, सोजरबाई नि शालिग्राम कडेकडेनं. उचल, ढकल, टेक. गल्ली अरुंद, गाडी पुढं काढायला जागाच नाही. शाळेपर्यंत मामाला भाचीच्या मागं मागं, तिच्या पावलानं जावं लागलं. त्याचे तगडे बैल मान खाली घालून लाकडाच्या बैलामागं चालले.

मागं टांगा अडला. "ओ गाडीवान! हाको ना जल्दी!"

"थांब रे बापा," उखर्डू मान न वळवता म्हणाला. "पुढं माही भाची शाळेत चालली."

शाळेशी पोचल्यावर मात्र सोजरबाईनं जीभ चावली. दाराला दोन दगडी पायऱ्या! इतके दिवस बैल घडवला, गल्ली मोजली, उतार मोजला, आणि पायऱ्या कुणाच्या ध्यानातच आल्या नाहीत. भुऱ्या पहिल्या पायरीला नाक लावून उभा. आतून पोरं बघायला लागली. अरविंद मास्तर दारात येऊन म्हणाले, "आजचा दिवस मी उचलून..."

"मले उचलायचं नाही!" शोभा म्हणाली.

"यादवचे बाबा! फळी! कुठून बी फळी आणा!" बाई ओरडली.

उखर्डू गाडीवरून उतरला. त्यानं गाडीची मागची फळी, सागाची, बापाच्या वेळची, दोन धक्के मारून उखडून काढली आणि पायऱ्यांवर तिरपी टाकली. पायानं दाबून पाहिली, हलत नव्हती. शोभानं दांड्या उचलल्या, ढकलल्या, टेकल्या. घंटा वाजत वाजत शाळेच्या आत गेली.

"दादा, गाडीची फळी," भागाबाई म्हणाली. "एवढ्या लांब जायचं तुले."

"राहू दे तठीच." उखर्डूनं गाडीत हात घातला, गाठोडं काढलं नि बहिणीच्या हातात दिलं. "आता मागं फळी नाही तं हे रस्त्यात पडंल. धर, तुह्यापाशीच ठेव."

मग तो गाडीत बसला आणि त्यानं बैल हाकले.